बत्तिसावी नोंद

नीळकंठकाका गेले आणि त्यांच्या एकतीस फाइली माझ्या गळ्यात पडल्या. मलकापूरच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या ज्या काट्यावर तोलतात, त्याचा प्रोग्रॅम काकांचा. मला हे काम शिकवलं तेही त्यांनीच. स्वतः मात्र जुन्या वळणाचे. बदल केला की कुठली ओळ काढली, कुठली घातली, एवढंच एका फाइलीत ठेवायचे. फाइलीवर ना नाव, ना तारीख. नावं वेगळ्या वहीत, दोन रकान्यांत: बदल लिहिणारा आणि तो प्रोग्रॅममध्ये टाकणारा, म्हणजे नोंदवणारा.

"दोन रकाने कशाला?" मी एकदा विचारलं होतं.

"रवीसाठी," ते म्हणाले. रवी त्यांचा जोडीदार, नांदुऱ्याच्या रस्त्यावर अपघातात गेलेला. त्याचा शेवटचा बदल काकांनी त्याच्याच नावानं नोंदवला होता. "लिवलं त्यानं. मेला म्हणून नाव माह्यं लावू काय?"

आता हे सगळं गिटमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमचा इतिहास सांभाळणाऱ्या व्यवस्थेत घालायचं होतं. काकांच्याच घरी, त्यांच्याच कॉम्प्युटरवर मी माझ्या नावानं लॉगिन करून बसले आणि घाईघाईत एकतीस फाइली आत ढकलल्या. फाइलीत नाव नसलं की गिट बसलेल्याचंच नाव लावतं, हे माहीत असून कंटाळा केला.

प्रेमलाकाकू चष्मा लावून पडद्याकडे बघत राहिल्या. "रेवती, सारीकडं तुह्यंच नाव दिसून राह्यलं. त्यायचं कुठी हाये?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं पुसलं. वही उघडून एकेका फाइलीला लिहिणाऱ्याचं नाव हातानं दिलं, नोंदवणारी म्हणून मी. साडेचारला संपलं. खिडकीतून सरकीचा वास येत होता, लांबून मालगाडी जात होती. मी नोंदी मोजल्या.

बत्तीस भरल्या.

शेवटची उघडली. गाडी उभी राहिली तरी काट्यावरचा आकडा नाचत राहतो, ही तक्रार जिनिंगच्या भगवानरावांनी त्याच सकाळी फोनवर केली होती. तिच्यावरचा उपाय त्यात होता. मी अजून एक अक्षर लिहिलं नव्हतं. पण लिहिण्याची पद्धत माझी होती. प्रत्येक कामानंतर दोन रिकाम्या ओळी सोडायची खोड माझी, काका त्यावरून मला चिडवायचे.

लिहिणारा: रेवती. आज, संध्याकाळी पाच वीस.

नोंदवणारा: नीळकंठ. उद्या, सकाळी अकरा.

कॉम्प्युटर काकांचा, कुठेतरी त्यांचं नाव राहिलं असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण बाकी एकतीस ठिकाणी नोंदवणारी मीच होते. ती नोंद पुसली, सगळं पहिल्यापासून केलं. दोनदा नाव चुकलं.

पुन्हा बत्तीस.

काकू चहा घेऊन आल्या. मी विचारलं, "काकू, रवीचं काम काकांनी कधी नोंदवलं होतं?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी त्याले मसनात पोचवून आले, आंघोळ केली, अन् बसले. अकरा वाजले असतीन. म्हणे, त्याच्या हातचं हाये, तो आता थोडीच टाकणार."

मी कप खाली ठेवला. मला भीती वाटली, चक्क भीती. हा बदल आपण लिहायचाच नाही, मी ठरवलं. लिहिलाच नाही तर नोंदवणार काय? कॉम्प्युटर बंद केला, वायर काढली आणि स्वयंपाकघरात काकूंजवळ जाऊन बसले. त्या मेथी निवडत होत्या. मीही निवडू लागले. नजर भिंतीवरच्या घड्याळावर.

पाच वीस. पाच एकवीस. काही झालं नाही. मी मोठ्यानं श्वास सोडला.

साडेपाचला फोन वाजला. भगवानराव होते.

"म्याडम, काटा एकदम ठीक झाला पाहा."

"मी काही केलं नाही, भगवानराव."

"असं कसं? पाच वीसले तुमचंच नाव आलं न इथं काट्याच्या पडद्यावर, नवीन बदल म्हणून."

मेथीच्या काड्या मांडीवर तशाच राहिल्या.

"काकू," मी म्हणाले, "काकांचा कॉम्प्युटर उद्या सुरू करू नका. वायर लावूच नका."

काकूंनी पाटीतली मेथी झटकली.

"मी कुठं सुरू करतो, बाई? ते गेल्यापासून रोज सकाळी अकराले तो आपोआपच सुरू होते."