शिंगाड्याच्या टोकाचे वळण

"तिथीच काऊन अशी पडते तू?" काठावर बसलेल्या सोमारीने मैत्रिणीला विचारले.

निशा ओल्या अंगाने फळी ओढत आली. दिवाळीच्या सुट्टीत सावली गावाजवळच्या त्यांच्या तलावावर प्रवीण सर शिडाची फळी शिकवायला आले होते. फळीखाली लांब दांडा आणि त्याला पंख. शिडात वारा भरला की फळी पाण्यावरून वर उचलली जाई. मग आवाज उरत नसे. उतरत्या उन्हात निशा स्वतःच्याच सावलीशेजारून तरंगत जाताना दिसे.

उद्या चाचणी होती. तलावाच्या दोन्ही टोकांना जो फळी पाण्याला न टेकवता वळेल, त्या एकालाच नागपूरच्या शिबिरात जागा होती. निशा वळताना खाली बघते म्हणून पडते, असे सरांचे मत होते. ती मासोळ्या मोजत असते, असे तिचा चुलतभाऊ चंदन म्हणे.

सोमारीला ते पटेना. मोहाच्या झाडाकडच्या टोकाला निशा कडेला कलंडे. शिंगाड्याच्या टोकाला मात्र सरळ पुढे फेकली जाई, कोणी पाय धरल्यासारखी.

तिने हे सांगताच चंदनने त्या टोकाकडे बघितले. तिथली शिंगाड्याची वाडी त्याच्याच वडिलांची, रामाजींची होती. गेल्या आठवड्यातच तिची तोड संपली होती. मुलांनी रामाजींना विचारले.

"माहा डोंगा रोज तिथूनच जाते," ते हसले. "कधी अडला नाई."

डोंग्याचा तळ सपाट होता, फळीचा पंख मात्र खोल बुडे. चंदनने वडिलांना वल्हे उभे बुडवून धरायला सांगितले आणि स्वतः बांबूने डोंगा रेटला. वल्हे गपकन अडले. रामाजी पाण्यात पडता पडता वाचले! त्यांनी हात घातला, तर हिरवी नायलॉनची दोरी वर आली. वाडीची हद्द दाखवायला बांबूंना बांधलेली. घाईत त्यांनी बांबू उपटण्याऐवजी वरून तोडले होते. दोरी पाण्याखालच्या खुंटांना तशीच राहिली होती.

"पोरी, तुह्या पायात दोरी मीच टाकली," रामाजी हळूच म्हणाले. दिवस बुडेपर्यंत ते एकेक खुंट उपटत राहिले.

सकाळी सरावाला निशा तिथे वळली आणि पुन्हा पडली.

सोमारी मात्र खूश झाली. "आता कडेला पडली! म्हंजे दोरी गेली. आता तुहीच चूक राह्यली."

निशाला हसू आले. तिला उमगले, दोरी गेली तरी तिचे डोळे अजून खाली दोरीच शोधत होते.

दुपारी चाचणीच्या वेळी वारा आला. शिंगाड्याच्या टोकाशी निशाने नजर वर उचलली आणि दूरच्या मोहाच्या झाडावर ठेवली. भार पुढच्या पायावर राहू दिला. फळी कलली, शीड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेले, आणि पाण्यावर फक्त पंखाची बारीक रेघ वळत गेली. ती त्याच वेगाने मोहाकडे निघाली. तिथेही फळी टेकली नाही.

सरांनी तिला जागा दिली. मग ते सोमारीकडे वळले. "मी तिचे पाय बघत होतो. ती कोणत्या बाजूला पडते, हे तू बघितलंस."

"आमच्या घरी रोज कोणीतरी झाडावरून पडते," सोमारी म्हणाली. "सवय आहे."

रामाजी डोंग्यात हसत बसले होते. उरलीसुरली दोरी चाचपायला त्यांचे वल्हे पाण्यात उभेच होते.