कुंपणाबाहेरचा सिग्नलवाला

पापडीच्या शाळेतून घरी येताना फेलिशिया शेवटच्या वळणावर सायकलवरून उतरायची. तिथून पुढे तिच्या सांडोर गावची वाट दोन्ही बाजूंच्या केळींमधून इतकी अरुंद होत जायची, की समोरून कुणी आलं तर एकाला कुंपणात शिरावं लागे. त्या दिवशी कुंपणात एकजण आधीच शिरलेला होता. पाठमोरा, निळा शर्ट, खांद्याला बॅग, दोन्ही हातांत दोन मोबाईल... आणि डोळे थेट तिच्या घराकडे.

"काय हवंय?"

तो इतका दचकला की एक मोबाईल केळीच्या आळ्यात पडला. चिखलातून तो उचलून घेत, शर्टाच्या बाहीला पुसत तो म्हणाला, "काही नाही... रेंज बघतोय."

"रेंज बघायला दोन फोन?"

"एक बोलण्यासाठी. दुसऱ्यावर इंटरनेट."

"मोबाईलवर इंटरनेट?"

"हो. आता येतंय."

"आणि ते आमच्या केळीत सापडतं?"

"सापडत नाही ना. तीच तर अडचण आहे." तो हसला.

हसू छान होतं. आणि म्हणूनच फेलिशियाच्या मनात पाल चुकचुकली. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या सिप्रियन अंकलकडे असाच एक गोड हसणारा माणूस आला होता. 'नुसती मोजणी आहे,' म्हणाला होता. आज सिप्रियन अंकलच्या वाडीत पायाचे खड्डे होते, लोखंडी सळया होत्या, आणि अंकल लेकीकडे बोरिवलीला गॅलरीत बसून असायचे. तेव्हापासून हातात यंत्र घेऊन आलेल्या कुठल्याही परक्या माणसावर तिचा विश्वास नव्हता. शिवाय ती चित्रकलेची बाई. फळ्याकडे तोंड करून उभी असली, तरी आठवीच्या वर्गात मागे कोण खोटं बोलतंय ते तिला कळायचं.

"ओळखपत्र दाखवा."

त्याने दाखवलं. सुमेध. मोबाईल कंपनीसाठी काम करणारी कुठलीशी ठेकेदार कंपनी. राहणार चंदनसार, विरार पूर्व.

"हा फोटो तुमचा वाटत नाही."

"माझ्या आईलाही वाटत नाही," तो गंभीरपणे म्हणाला.

तिने ओठ घट्ट मिटून घेतले. हसायचं नव्हतं तिला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मग तिसऱ्या दिवशीही. चर्चजवळ त्याची पांढरी व्हॅन उभी असायची, टपावर दोन अँटेना, आत ड्रायव्हर नथू घोरत पडलेला. सुमेध मात्र पायी हिंडायचा, दोन पावलं चालून थांबायचा, फोन उंच धरायचा, मान वाकडी करून बघायचा. फेलिशिया वाडीच्या टोकाला, बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या जुन्या तळ्याच्या, काठावर पानवेलींना पाणी घालायला जायची. पाणी घालून झालं तरी बावखलाच्या त्या हिरव्या, गोड्या पाण्याशी तिचं काहीतरी काम उरायचंच. नजर ठेवायला नको का कुणीतरी!

"तुमच्या त्या कॉम्प्युटरात काय आहे, बघू," ती एकदा म्हणाली.

त्याने काठावर बसून लॅपटॉप उघडला. सांडोरचा नकाशा होता. रस्त्यांवर ठिपकेच ठिपके, हिरवे, पिवळे. आणि जिथे त्यांची वाडी, तिथे लालभडक.

तिने त्या लालावर बोट ठेवलं. "आमचीच जमीन लाल का?"

"लाल म्हणजे इथे काही पोचत नाही. टॉवर लांब, मध्ये दाट झाडं."

"बिल्डरच्या नकाशातसुद्धा लाल रंग असतो. घ्यायच्या जमिनींना."

"मग मी फारच मूर्ख बिल्डर आहे. मालकिणीलाच नकाशा दाखवतोय."

तिने सरळ आव्हान दिलं, "दाखवा तुमचं इंटरनेट. आत्ता."

तो उठून काठाकाठाने चालत राहिला, एका जागी थांबला, तिला खुणेने बोलावलं. छोट्याशा पडद्यावर एक इवलीशी पृथ्वी गरगर फिरत होती. फिरतच राहिली. दोघांची डोकी त्या पडद्यावर इतकी जवळ आली, की त्याच्या शर्टाला लागलेला चिखलाचा वास तिला आला... ती चटकन मागे सरली.

"एवढा वेळ कशाला लागतो?"

"फोन टॉवरला विचारतो. टॉवर कंपनीच्या मोठ्या मशीनला. ते मशीन इंटरनेटवरून पान आणतं, पण ते या एवढ्याशा खिडकीत मावणार कसं? म्हणून ते चित्रं काढून टाकतं, सजावट काढतं, कामाचे शब्द तेवढे ठेवतं आणि तुकड्यातुकड्यांनी धाडतं."

"म्हणजे अर्धं लपवून दाखवतं."

"तसं म्हणा हवं तर."

"तुमच्यासारखं," ती म्हणाली, आणि सायकलची घंटी उगाचच वाजवून निघून गेली. मागे वळून पाहायचं नाही असं ठरवून. पाहिलंच. पडद्यावर पान उघडलं होतं बहुतेक, पण तो तिकडे बघत नव्हता.

डिसेंबर लागला. अंगणात नाताळचा तारा बांधायला बांबू आले. आणि फेलिशियाच्या लक्षात आलं, की आपण याच्याशी फार बोलू लागलोय. पप्पांचे गुडघे आता ऑपरेशनवर आलेत, हे तिने सांगितलं होतं. आई गेल्यापासून वाडी आपणच बघतो, हेही. भाऊ जेन्सन जहाजावर असतो, दर शनिवारी बंदर असेल तर पापडीच्या सायबर कॅफेत बसून आपण त्याच्याशी चॅट करतो, आणि तो म्हणतो की मी काही परत या चिखलात येणार नाही... हे सगळं तिने त्याला सांगून टाकलं होतं. त्याच्याबद्दल मात्र तिला काय ठाऊक होतं? मूळचे फलटणचे, बाप रेल्वेत, आई कडक. बस्स.

शुक्रवारी शाळेतून आली, तर ओट्यावर सफारी घातलेला एक अनोळखी माणूस बसला होता. पप्पा, म्हणजे आलोशियस, समोर मान खाली घालून.

"गुडघ्यांचं ऑपरेशन थांबवून कसं चालेल, आलोशियसभाऊ?" माणूस लोण्यासारखा बोलत होता. "मुलगा जहाजावर. तो काही परत या चिखलात येणार नाही. एकटी मुलगी किती दिवस सांभाळणार केळी? आमचे शेठ योग्य तो विचार करतील."

*परत या चिखलात.*

तेच शब्द. फेलिशियाने सायकल तशीच फिरवली आणि चर्चपर्यंत दामटली. सुमेध व्हॅनच्या दारात बसून चहा पीत होता.

"कुणासाठी काम करतोस तू?"

इतक्या दिवसांच्या 'तुम्ही'चा असा एका क्षणात 'तू' झाला. त्याने कप खाली ठेवला. "काय झालं?"

"जेन्सनचे शब्द न् शब्द त्या माणसाला माहीत आहेत. पप्पांचे गुडघे माहीत आहेत. तुझ्याशिवाय मी कुणाशी बोलले नाही!"

"मी कुणाला काही सांगितलेलं नाही."

"आठवीतली मुलंही हेच म्हणतात."

त्याचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, "फेलिशिया, हे शब्द मी तुझ्याकडून ऐकले. तू कुणाकडून ऐकलेस?"

"माझ्या भावाचं नाव घ्यायचं नाही!"

ती घरी आली. मोगऱ्याच्या आळ्यात उगाचच खुरपं चालवत राहिली, पण तो प्रश्न काट्यासारखा सलत होता.

शनिवारी ती पापडीला पोचली तर बाजारातली लाईट गेलेली. सायबर कॅफेचं शटर अर्धं खाली. "संध्याकाळपर्यंत काही खरं नाही," मालकाने सांगितलं. आणि जेन्सनची बोट उद्या निघणार होती. मग नाताळच्या आठवड्यापर्यंत भर समुद्रात, संपर्क नाही.

बाजारामागच्या तळ्याच्या काठाला सुमेधची पांढरी व्हॅन उभी होती. फेलिशिया घुटमळली. मग गेली.

"तुझा फोन हवाय," ती दुसरीकडेच बघत म्हणाली.

त्याने काही विचारलं नाही. चॅटचं पान उघडून फोन तिच्या हातात दिला आणि लांब चिंचेखाली जायला निघाला.

"इथेच थांब. माझ्यासमोर."

तो थांबला, तिच्याकडे पाठ करून. तिने एकेक बटण तीन-तीनदा दाबत, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं: 'वाडीबद्दल तू कुणाशी बोललास का?' इवली पृथ्वी फिरू लागली. फिरली, अडली, पुन्हा फिरली. आलं काय, तर आधीचाच जुना निरोप, 'पप्पा कसे आहेत?' आणि मग पडदा कोराच.

"गेलं!" ती ओरडली.

"पाण्याच्या बाजूला सरक जरा... अजून. इथे." त्याने तिला हात लावला नाही, फक्त जागा दाखवली.

तिने पुन्हा तेच लिहिलं. या वेळी उत्तर आलं. तुकड्यातुकड्यांनी.

'हो. मीच बोललो.'

मग, 'बिल्डरच्या माणसांनीच मला गाठलं. पप्पांचं ऑपरेशन, तुझं लग्न... तू किती दिवस तिथे मरणार?'

तळ्यावरून वारा आला. ज्याच्यासाठी दर शनिवारी ती धावत यायची, त्यानेच तिच्या पाठीमागे बिल्डरला घर दाखवून दिलं होतं. आणि ज्याला तिने चर्चसमोर उभं करून बोल लावला, तो पाठ करून निमूट उभा होता. एकदाही वळला नव्हता.

तिने डोळे पुसले आणि लिहिलं, 'मी मरत नाही, जगते आहे. वाडी विकायची असेल तर ये आणि पप्पांच्या तोंडावर बोल.'

इवली पृथ्वी पुन्हा फिरत राहिली. मग, 'नाताळला येतो. चुकलं माझं.'

तिने फोन परत दिला. "मी तुला..."

"चोर म्हणालीस."

"चोर नाही म्हणाले!"

"डोळ्यांनी म्हणालीस."

"सॉरी," ती म्हणाली. हा शब्द तिला फारसा जमत नसे.

"पण एक खोटं मी बोललोय," तो चाचरत म्हणाला. "सांडोरचं काम... पहिल्या आठवड्यातच संपलं होतं. नवा टॉवर कुठे लावायचा तेही ठरलं. तुमच्या वाडीपासून लांब, रस्त्याकडेला."

"मग रोज कशाला येत होतास?"

"ऑफिसात सांगितलं, बावखलापाशी सिग्नल संशयास्पद आहे. पुन्हा पुन्हा तपासावा लागेल." त्याचे कान लाल झाले होते. "तू पाणी घालायला यायचीस ना... म्हणून."

फेलिशियाला हसू फुटलं, डोळे ओलेच असताना.

"म्हणजे माझा संशय खरा होता! तुझं तिथे काही कामच नव्हतं."

"होतं," तो म्हणाला. "मला तू आवडतेस, एवढं सांगायचं होतं. पण रेंजच मिळत नव्हती."

तिने त्याच्या बाहीवरचा एक सुकलेला चिखलाचा डाग नखाने खरवडून काढला.

त्याच संध्याकाळी तिने पप्पांना जेन्सनचं सांगितलं. आलोशियसनी केळींकडे पाहिलं. "येऊ दे त्याला," एवढंच म्हणाले. सफारीवाला पुन्हा आला, तेव्हा त्यांनी त्याला ओट्यावर बसायलाही सांगितलं नाही.

जेन्सन आला. दोन दिवस बापलेकांत मोठमोठ्याने बोलणी झाली, तिसऱ्या दिवशी दोघं मिळून डॉक्टरकडे गेले. वाडीचा विषय बिल्डरकडे परत गेला नाही. आणि नाताळच्या दुपारी, मिस्सा आटोपून सगळे जेवायला बसत असताना, सुमेध आला. निळ्याऐवजी पांढरा शर्ट, हातात आईने दिलेला करंज्यांचा डबा. कडक आईने बऱ्याच प्रश्नांनंतर तो दिला होता म्हणे.

जेन्सनने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हा कोण? कुठला? काय करतो? आपल्याकडे कशाला?"

पप्पा खाली बघून मिशीत हसले. सुमेध डबा हातात धरून उभाच होता.

"जेन्सन, तू नको विचारूस," फेलिशिया म्हणाली. तिने नाताळच्या गरम, तळलेल्या फुग्या आणि मटणाचं ताट सुमेधपुढे ठेवलं, आणि सगळ्यांच्या देखत त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली. "याची सगळी चौकशी माझी करून झालीय."