दोन चकचकीत टाके

"चोर सापडला नाही तरी चालेल," आजी उंबऱ्यातूनच कडाडल्या, "पण पाच वाजायच्या आत माझी पोर सुटली पाहिजे!"

करवतबाईंनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. खासगी गुप्तहेर म्हणून त्यांचा दबदबा होता. ‘करवत’ हे नाव लोकांनीच पाडलं होतं, कारण त्या बोलायला लागल्या की समोरच्याचे सरळ दोन तुकडे पडायचे. शेजारी बसलेले त्यांचे मदतनीस मास्तर मात्र दचकून उभे राहिले. पस्तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना ‘सावकाश, सावकाश’ म्हणून म्हणून त्यांचं डोकंही दुसऱ्या गिअरच्या पुढे जात नसे.

"बसा आजी. कोण पोर? कशात अडकली?"

"मोठ्यानं बोला! नाही, थांबा." आजींनी कानातलं यंत्र काढलं, पर्समधून एक ताठ, चकचकीत नायलॉनचा दोरा काढला आणि यंत्राच्या बारीक नळीतून आरपार ओढला. "मळ अडकतो मेला. कानवाल्यानं दिलाय हा दोरा, नळी साफ करायला. हं, बोला आता."

बोलल्या मात्र आजीच. चाळीस वर्षं त्यांनी नाटकाचे पोशाख शिवले होते. आता डोळ्यांत मोतीबिंदू, कानात यंत्र. आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा.

"काल, मंगळवारी, दुपारी बारा वाजता कोणीतरी माझ्या कार्डावर तीन महागडे फोन घेतले. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला! कार्ड यंत्रात घालून, पिन दाबून. आणि कार्ड कुठे? माझ्या पर्समध्ये! पर्स माझ्या उशाशी!"

"अरे बापरे," मास्तर म्हणाले. "भूत?"

"भूत परवडलं. माझा मुलगा म्हणतो, ताईनं कार्ड नेलं, वापरलं आणि गुपचूप परत ठेवलं. ताई म्हणजे दिवसभर माझ्याजवळ असते ती. त्यानं पाच वाजता फौजदाराला बोलावलंय. तिच्या एजन्सीलाही कळवणार. मग या शहरात तिला कोण दारात उभं करेल, सांगा!"

"पिन कोणाकोणाला माहीत आहे?"

आजींची नजर खाली गेली. "मला. मुलाला."

"आणखी कोणाला?"

"कोणाला नाही म्हटलं ना!"

करवतबाईंनी फक्त मान हलवली. "कार्ड बघू."

आजींनी ते टेबलावर ठेवलं आणि मास्तरांना हसू आलं. "हे काय, कार्डाला स्वेटर?"

"कव्हर आहे ते! माझ्याकडे रिमोटला कव्हर, चष्म्याला कव्हर, मिक्सरला कव्हर. मग कार्डाला का नको? नंबर कोणाला दिसायला नकोत म्हणून शिवलं."

तांबडं, जाड सुती कापड. तीन बाजू शिवलेल्या आणि चौथीकडून कार्डाचं चिपचं टोक तेवढं बाहेर, म्हणजे कव्हर न काढताच कार्ड यंत्रात जावं. ते घसरू नये म्हणून तोंडाशी दोन टाके. करवतबाईंनी कव्हर खिडकीशी नेलं. दोन्ही टाके उन्हात चकाकले.

"हे टाके तुम्ही घातलेत?"

"मग काय शेजारणीनं? दिसत नसलं तरी हाताला कळतं. सुई ताई ओवून देते."

"आणि त्यानंतर कार्ड कव्हरातून बाहेर कधी काढलंत?"

"कशाला काढू? सोमवारी दुपारी दोनदा वापरलं. आधी औषधाच्या दुकानात, मग कानवाल्याकडे. चाललं की व्यवस्थित!"

घड्याळात सव्वादोन झाले होते. मास्तरांनी गाडी काढली. ती सायकलींना वाट देत देत निघाली.

आजींचा मुलगा दारातच उभा होता, कपाळावर आठ्या आणि कानाला फोन. तो एका कारखान्यात साहेब होता आणि घरातही साहेबच होता.

"गुप्तहेर कशाला? सरळ आहे सगळं!" तो म्हणाला. "सूचना माझ्या फोनवर येतात. हे बघा. सोमवारी चार वीसला औषधं, पाच वाजून पाच मिनिटांनी कानाचं केंद्र, दोन्ही खरी. मंगळवारी बाराला फोनचं दुकान. मी मीटिंगमध्ये होतो, संध्याकाळी पाहिलं. कार्ड लगेच बंद केलं आणि पर्स तपासली. कार्ड कव्हरात जागच्या जागी!"

"कव्हरातून बाहेर काढून पाहिलंत?"

"काढायची गरजच काय? दिसतंय ना!" तो आईकडे वळला. "तुला शंभरदा सांगितलं, कार्ड माझ्याकडे दे. तुला जमत नाही. लहान मुलीसारखा हट्ट!"

आजी पर्सची चेन उघडझाप करत राहिल्या. शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा तो आवाज कुठे गेला, हे मास्तरांनाही कळेना.

ताई आतल्या खोलीत होती. तिशीची, डोळे रडून लाल, पण मान ताठ. भिंतीला लागून काचेचं एक उंच कपाट होतं. त्यात दोऱ्याची रिळं, दीडशे तरी असतील. तांबड्याच्याच अकरा छटा!

"त्या कव्हरासाठी कोणता दोरा ओवून दिला होतात?" करवतबाईंनी विचारलं.

ताईनं डोळे झाकून हात घालावा तसं एक रीळ काढलं. "हा. सुती, दुहेरी, मेण लावलेला. दुसरा चालतच नाही आजींना. एकदा मेण न लावता ओवला, तर दिवसभर माझा उद्धार झाला."

"काल बारा वाजता कुठे होता तुम्ही?"

"बाहेर. तासभर."

"कुठे?"

"आजींसमोर सांगणार नाही."

"बघा!" साहेब दारातून गरजला. "चोर तो चोर आणि वर तोरा!"

करवतबाईंनी आजींना आणि मास्तरांना बाहेर बसवलं आणि साहेबाच्या तोंडावर दार लावलं. मग दोन मिनिटं आत कुजबुज झाली, आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या नाकपुड्या फुगल्या होत्या.

"कुठे गेली होती ती?" गाडीत मास्तरांनी विचारलं.

"तिचं ती सांगेल. गाडी चालवा, शक्य असेल तर आजच पोचू."

औषधवाला गल्ल्यामागे गोळ्यांची पाकिटं लावत होता. "सोमवारी? आल्या होत्या की. आजी पिन दाबताना हाताचा तंबू करतात. आणि ती ताई दर वेळी पाठ फिरवून टूथपेस्टच्या खणाकडे बघत राहते. एकदा मी म्हटलं, इतक्या पेस्ट काय करणार? तर म्हणते, मला आकडे बघायचे नाहीत, उगीच नंतर नाव यायला नको."

"आलंच की शेवटी," करवतबाई पुटपुटल्या.

श्रवणकेंद्र मोठं झुळझुळीत होतं. गुळगुळीत फरशी, भिंतीवर कानाचं भलंमोठं चित्र. केंद्रवाला एकटाच होता आणि त्याच्या बोलण्यात साखरेचा पाक होता.

"त्या आई ना? फार गोड आहेत! मी सगळ्यांना आईच म्हणतो. फसवणूक झाली म्हणता? अरेरे! म्हाताऱ्या माणसांना काही समजत नाही हो."

"तुमची कान तपासायची खोली बघू?"

त्यानं हौसेनं दाखवली. जाड दार, भिंतींना गाद्या, एक काचेची खिडकी, आत खुर्ची आणि हेडफोन. मास्तर आत बसले. केंद्रवाल्यानं बाहेरच्या माइकमधून "ऐकू येतंय, काका?" म्हटल्यावर ते इतके दचकले, की हेडफोन गळ्यात आला.

"आत पर्स, किल्ल्या, काही न्यायचं नाही," केंद्रवाला सांगू लागला. "आवाज होतो. सोबतच्या बाईंनाही मी खाली बाकावर बसवतो. आणि मध्ये दार उघडलं, तर चाचणी पहिल्यापासून करावी लागते. आईंच्या वेळी एकदाही उघडावं लागलं नाही. हा बघा अहवाल."

कागदावर यंत्रानं वेळ छापली होती. सुरुवात चार पन्नास, समाप्ती पाच वीस.

"आणि पैसे कोणी भरले?"

"त्यांनीच. चाचणी झाल्यावर इथे उभ्या राहून स्वतः पिन दाबला. आम्ही कुणाचा पिन विचारत नाही, बाई. तत्त्व आहे आमचं."

करवतबाई एकदम गोड हसल्या. मास्तर दोन पावलं मागे सरकले, कारण त्या गोड हसल्या की कुणाचं तरी काही खरं नसे.

"आजींचं यंत्र सारखं शिट्टी मारतंय. पाच वाजता घरी येता का? साफसफाईचं सामानही आणा."

"आईंसाठी? आलोच!"

जिन्यावर मास्तर म्हणाले, "माणूस बरा वाटतो. मला तर मुलाचाच संशय येतोय. पिन त्याला माहीत होता."

"मास्तर, तुम्ही मागे न बघता गाडी मागे घेताय."

पाचला दिवाणखान्यात सगळे जमले. फौजदार खुर्चीत, साहेब उभा, ताई भिंतीशी, पायाशी तिची कपड्यांची पिशवी भरून ठेवलेली. केंद्रवाला सामानाची बॅग मांडीवर घेऊन सोफ्याच्या टोकावर बसला होता. फौजदाराला पाहिल्यापासून त्याचा पाक जरा पातळ झाला होता.

"उचला हिला," साहेब म्हणाला.

"थांबा!" करवतबाई उभ्या राहिल्या. "साहेब, सोमवारी श्रवणकेंद्राची सूचना किती वाजता आली?"

"पाच वाजून पाच मिनिटं. सांगितलं ना."

"चार पन्नास ते पाच वीस तुमच्या आई बंद खोलीत होत्या. दार एकदाही उघडलं नाही, असं हे महाशय स्वतः म्हणाले. मग पाच पाचला बाहेर गल्ल्यावर पिन कोणी दाबला?"

फौजदारांची मान केंद्रवाल्याकडे वळली.

"घड्याळ... यंत्राचं घड्याळ पुढे-मागे असेल," केंद्रवाला म्हणाला.

"पंधरा मिनिटं? बरं. आजी, खरं सांगा. कोणी रागावणार नाही. रागावलं तर माझ्याशी गाठ आहे. आत बसल्यावर हेडफोनमधून काय ऐकू आलं?"

आजींनी मुलाकडे पाहिलं, मग ताईकडे. मग त्यांचा तो आवाज परत आला.

"हा म्हणाला, आई, तुमचा वेळ वाचवतो, पैसे आत्ताच भरून टाकू, पिन सांगा. मी सांगितला! मोठ्यानं सांगितला! घरी सांगायची भीती वाटली. माझा मुलगा कार्ड काढून घेईल, मग दोन रिळं घ्यायची तरी त्याच्यापुढे हात पसरायचा."

"पण बाई," मास्तरांनी डोकं खाजवलं, "पिन कळून काय उपयोग? कार्ड तर पर्समध्येच परत आलं."

"कार्ड परत आलं, मास्तर? कव्हर परत आलं! आजी, तुमची कात्री घ्या."

आजींनी बोटांनी चाचपून ते दोन टाके कचाकच कापले. तांबड्या कापडातून कार्ड घसरून टेबलावर पडलं. बँक तीच, रंग तोच. पण नाव एका पुरुषाचं आणि मुदत मागच्याच वर्षी संपलेली.

"हे कोणाचं?" साहेब पांढरा पडला.

"दुसऱ्या कोणा म्हाताऱ्या माणसाचं, टाकून दिलेलं. उघडं टोक सारखं दिसलं की झालं. आतलं काढून कोण बघतंय? तुम्ही पण नाही पाहिलंत."

"या पोरीनंच बदललं असेल!" केंद्रवाला उसळला. "सुई-दोरा हिच्याच हातात असतो!"

"याचीच वाट बघत होते." करवतबाईंनी कापलेला टाका चिमटीत धरला. वाकवला की तो सटकन सरळ होत होता. "हा दोरा नाही. कानाच्या यंत्राची नळी साफ करायचा नायलॉन आहे. इतका ताठ, की जुन्या भोकांतून सुईशिवाय जातो. दीडशे रिळांच्या घरात, तांबड्याच्या अकरा छटा हाताशी असताना, ताईनं हा वापरला असता? जिच्या हाताशी रीळ आहे, ती रीळ घेते. ज्याच्या हाताशी फक्त हा नायलॉन आहे, तो हा घेतो. बॅग उघडा!"

फौजदारांनी उघडली. आत त्याच नायलॉनची जुडी होती.

"या कार्डावरचं नाव तुमच्या नोंदवहीत आहे का, तेही बघू," फौजदार उठले. "आणि फोनच्या दुकानात कॅमेरा असतोच. चला, महाशय."

"आई, तुम्ही तरी सांगा ना यांना," केंद्रवाल्यानं हात जोडले.

"मी तुझी आई नाही!" आजी अशा ओरडल्या, की काचेच्या कपाटातली रिळं थरथरली.

तो गेला. दार लागलं. आणि साहेब नको तेच करून बसला.

"पण आई, पिन सांगितलासच कसा? तुला शंभरदा..."

"बास!" करवतबाई फाडकन म्हणाल्या. "चोरानं फसवलं, यात त्यांची लाज कसली? सोमवारी संध्याकाळी त्या तुम्हाला मोकळेपणानं सांगू शकल्या असत्या, तर तेव्हाच कार्ड बंद झालं असतं. मंगळवार उजाडलाच नसता! तुमच्या ओरडण्यानं त्यांचं तोंड बंद केलं, आणि त्या बंद तोंडाच्या आडोशानं चोर आरामात खरेदी करून गेला. आणि ही? हिला तुम्ही काय विचारलंत? काही नाही! गरीब आहे, घरात आहे, म्हणजे चोर. झाला तपास!"

साहेबानं ताईकडे पाहिलं. "मग काल तू गेली कुठे होतीस?"

"दुसरं काम बघायला," ताई म्हणाली. "तुमचा रोजचा ओरडा ऐकून कान किटले. पण आजींना सांगायचं धाडस होत नव्हतं." तिनं पिशवी उचलली. "एक तारखेपासून या म्हणालेत ते."

साहेब खाली बघत काहीतरी पुटपुटला. ‘चुकलं’ असावं, ‘माफ कर’ही असावं. मास्तरांना वाटलं, मिटलं एकदाचं, आणि ते गाडीच्या किल्ल्या शोधू लागले.

आजींनी कानातलं यंत्र नीट बसवलं. नळी तर दुपारीच साफ केली होती.

"ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या. "तिच्याकडे बघून, मोठ्यानं. जितक्या मोठ्यानं तिला चोर म्हणालास ना, तितक्या मोठ्यानं."