निळ्या चपला

"अहो! थांबा! तिथेच थांबा!"

पेशींच्या खोलीत त्याने पाऊल टाकलं मात्र, तिथे पेशी वाढवणारी ती कडाडली. गेल्याच आठवड्यात प्रयोगशाळेत रुजू झालेला, विषाणूंवर काम करणारा हा तरुण. ओठांवर भाबडं हसू, आणि पायांत... लाल चपला!

"या चपला विषाणूंच्या खोलीतल्या आहेत!"

"हो... तिथूनच आलो. दोन फ्लास्क पेशी हव्या होत्या."

"आणि विचारायचं कोणी? एकदा तिकडे गेलं की त्या दिवशी इथे फिरकायचं नाही. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, निळ्या चपला घालून यायचं. तेही दार वाजवून!"

प्रयोगशाळेत तिला सगळे मिरची म्हणत, ते काही उगाच नाही. विषाणू शिरला असेल या भीतीने तिला त्या दिवशी चार फ्लास्क फेकून द्यावे लागले. जिवापाड जपलेल्या पेशी! तिला रडू येत होतं, पण त्याच्यासमोर रडेल तर ती मिरची कसली.

त्यानंतर मात्र त्याने नियम पाळला, आणि जरा जास्तच पाळला. रोज सकाळी विषाणूंकडे जाण्याआधी काचेवर टकटक व्हायची.

"येऊ का?"

"काय हवंय?"

"काही नाही... एकदा तिकडे गेलो की दिवसभर इकडे येता येत नाही ना. म्हणून आधी..."

तिचे गाल तापायचे. रागाने, असं ती स्वतःला बजावायची.

एकदा तो खुशीत म्हणाला, "माझ्या विषाणूचा फोटो भिंतीवर लागलाय, पाहिलात? काय रुबाब आहे पठ्ठ्याचा!"

झालं! मिरची भडकली.

"रुबाब? आहे काय त्याच्याकडे? प्रथिनाचं एक आवरण आणि आत जनुकांची चिठ्ठी — 'माझ्या नकला काढा'. त्या काढायला ना भांडी, ना चूल! माझ्या पेशीत शिरायचं, तिच्याच सामानावर, तिच्याच कष्टावर शेकड्यांनी वाढायचं, आणि जाताना तिलाच फोडून जायचं! आयत्या बिळावर नागोबा!"

"तुम्ही विषाणूबद्दल बोलताय की माझ्याबद्दल?"

"दोघांबद्दल! फोटोखाली नाव तुमचं. माझ्या पेशी आहेत कुठे त्यात?"

त्याचं हसू मावळलं. तो निघून गेला, आणि तिला दिवसभर चैन पडलं नाही. जास्त बोललो का आपण? छे! खरं तेच तर बोललो.

मग एका सकाळी तिची आई न्हाणीघरात घसरली. आईला घेऊन ती दवाखान्यात धावली, पण जीव पेशींत अडकलेला. आज त्यांचं पोषक द्रावण बदलायलाच हवं होतं, नाहीतर उपासमार. तिने प्रयोगशाळेत फोन लावला. तोवर पोचलेले सगळेजण विषाणूंच्या खोलीत जाऊन आलेले! "बघू, होईल काहीतरी," लेखनिक म्हणाला. तेवढ्यात तिच्या मोबाइलची बॅटरी संपली.

आईचा पाय नुसता मुरगळला होता. तिला घरी पोचवून मिरची दुपारी धापा टाकत आली. पेशींच्या खोलीत तो होता! तिच्या जागेवर, तिच्या फ्लास्कवर वाकलेला!

"पुन्हा? न विचारता? तिकडून आलात आणि—"

"नाही गेलो." तो हळूच म्हणाला. "आज तिकडे गेलोच नाही."

तिने खाली पाहिलं. निळ्या चपला. आणि पेशी उपाशी पडू लागल्या की पिवळं पडणारं ते द्रावण सगळ्या फ्लास्कांमध्ये ताजं, गुलाबी होतं.

"तुम्हाला तीनदा फोन केला. लागेना..."

"पण आज तुमचा वाढवलेला विषाणू काढून घ्यायचा होता ना? उद्यापर्यंत वाया जाईल तो!"

"जाऊ दे. पुन्हा वाढवीन... तुम्ही पेशी दिल्यात तर." त्याने खिशातून हात काढला, पुन्हा घातला. "सगळेच विषाणू फोडून जात नाहीत, तुम्हाला माहीतच आहे. काही आपली चिठ्ठी पेशीच्याच जनुकांत गुंफतात आणि... राहतात. ती जगेल तोवर."

"न विचारता!" ती फणकारली. आवाज मात्र ओला झाला होता.

"तेच तर. मी विषाणू नाही."

तो बाहेर गेला. दार लावलं. काचेवर टकटक झाली.

"राहू का?... कायमचा?"

ती काचेपाशी आली. त्याच्या डोळ्यांत पाहिलं, मग पायांकडे, आणि तिच्या रागाचा पारा पुन्हा चढला.

"अरे, निळ्या चपला बाहेर नेल्यास? त्या बाहेर न्यायच्या नसतात, इतकंही कळत नाही तुला?" ती डोळे पुसत ओरडली. "जा, आधी दुसऱ्या घाल! आणि मग ये... कायमचा."