डाव्या कोपऱ्यातला अंगठा

त्या दिवशी सकाळी मी फक्त चिकट पट्टी आणायला बाहेर पडले होते. प्लॅस्टिकची पिशवी कडेने बंद करायला लागते ती काळी, डांबरासारखी पट्टी. दोन गुंडाळ्या पुरल्या असत्या. मी चार घेतल्या.

"एवढी कशाला?" दुकानदाराने विचारलं. "घर गळतंय की काय?"

"गळू नये म्हणूनच," मी म्हणाले.

आभाळ भरलेलं होतं, पण पावसाचा थेंब नव्हता. धक्क्यालगतच्या आमच्या बोटींच्या शेडपर्यंत मी चालत आले. दारात आप्पा, माझे वडील, स्टुलावर बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण पावलांवरून माणूस ओळखायचे.

"आणलीस?"

"आणली."

"मग होऊन जाऊ दे आज. डेक चांगला निघाला तर शेडची किल्ली तुझी. नाही निघाला तर मी कुलूप घालतो. दोन वर्षं ओढलं, पुरे झालं."

दोन वर्षं म्हणजे दादा गेल्यापासून. माझा मोठा भाऊ. एका बोटीच्या पुढच्या बंद कप्प्यात शिरून तो आतून काचेचं कापड चिकटवायचं रेझिन लावत होता. तोंडाला मास्क नव्हता, कप्प्याला खिडकी नव्हती. वासाने गुंगी आली आणि तो तिथेच राहिला. मी तेव्हा खूप लांब शिकत होते. बातमी पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं.

मी परत आले ती मास्क आणि पंप घेऊन. साच्यात काचेचं कापड अंथरायचं, रेझिनने भिजवायचं, वर सच्छिद्र कागद, शोषून घेणारा फेल्ट आणि सगळ्यावर पिशवी. मग आतली हवा पंपाने ओढून घ्यायची. बाहेरच्या हवेचा सगळा भार कापडावर बसतो, फुगे निघून जातात, जास्तीचं रेझिन फेल्ट पिऊन टाकतो. बोट हलकी होते आणि दणकट होते. वास पिशवीत राहतो, माणसाच्या छातीत जात नाही. हे मी कुणालाही तासभर सांगू शकते. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगितलं आहे. आजच्या डेकची बोट तर वादळात सापडलेल्यांना बाहेर काढायची होती. तिच्यात एक फुगा राहिला तरी मला झोप आली नसती.

हे सगळं खरं आहे. पण याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती मी तेव्हा कुणाला सांगितली नाही. मला दादाला हरवायचं होतं.

आप्पांची एक रीत होती. तयार भाग साच्यातून निघाला की ते डोळे मिटून त्यावर तळवा फिरवायचे आणि कोणी काम केलंय ते सांगायचे. कधी चुकले नाहीत. "हा त्याचा हात," असं म्हणताना त्यांचा चेहरा जसा व्हायचा, तसा माझ्या कुठल्याही गुणपत्रिकेवर झाला नाही. आणि दादाचा अंगठा! तो सात वर्षांचा असताना आप्पांच्या हातातली पटाशी निसटली आणि त्याच्या उजव्या अंगठ्याच्या पेरावर तिरपा काप गेला. व्रण कायमचा राहिला. पुढे तो तिशीचा झाला तरी आप्पा अधूनमधून त्याचा हात हातात घ्यायचे, अंगठ्यावरून अंगठा फिरवायचे आणि हळूच विचारायचे, "अजून दुखतं का?"

तो हसून म्हणायचा, "ढग आले की थोडंसं."

मी गुडघे फोडले, हात भाजले, एकदा पाय मोडून घेतला. मला हा प्रश्न कुणी विचारला नाही.

आणि तोच अंगठा डेकच्या साच्यात होता. साचा दादाने घडवला होता. शेवटचा हात मारताना डाव्या कोपऱ्यातली पुट्टी ओली होती, तिच्यात त्याने अंगठा दाबला. त्यामुळे त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक डेकवर डाव्या कोपऱ्यात पेराएवढा उंचवटा यायचा, रेषांसकट, तिरप्या कापासकट. बोट घेणारे आधी तिथेच हात लावून बघायचे. म्हणजे मी जिवाचं रान करून डेक बनवायचा आणि सही त्याची!

आदल्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी तो खळगा पुट्टीने भरला. वाळल्यावर पॉलिश पेपरने घासला, वर मेण चढवलं. बोट फिरवलं तर कोपरा काचेसारखा गुळगुळीत लागत होता. मग साच्यात रंगाचा पहिला थर मारला. मला जराही वाईट वाटलं नाही. बरं वाटलं.

सकाळी दहाला आम्ही कापड घालायला घेतलं. आम्ही म्हणजे मी आणि कान. कान म्हणजे शेडमधले सगळ्यात जुने कारागीर. इंजिनातली बारीकशी खरखर त्यांना धक्क्याच्या टोकावरून ऐकू यायची, म्हणून हे नाव. माझ्या पंपावर त्यांचा विश्वास नव्हता.

"बोट बांधायचीय का बटाट्याचे वेफर्स भरायचेत?" पिशवी उलगडताना ते म्हणाले.

"काका, मास्क नाकावर घ्या. हनुवटीला सर्दी होत नाही."

"शिकून आलीस गं बाई, शिकून आलीस." पण मास्क वर घेतला.

काम सुरेख झालं. बाराच्या आत चारही थर भिजवून झाले, पिशवी चढली, कडेची पट्टी मी अंगठ्याने इंच इंच दाबत आणली. पंप सुरू केला. पिशवी आक्रसली, सुरकुत्या पडल्या, आणि बघता बघता तिने डेकचा आकार घेतला. पिशवीला जोडलेल्या दाबमापकाचा काटा वर चढून थांबला. मग मी नेहमीची परीक्षा घेतली. नळीचा खटका बंद केला, पंप बंद केला. आता आत हवा जायला वाट नाही आणि बाहेर यायलाही नाही. काटा जागेवर राहिला पाहिजे.

काटा खाली आला.

"गळतंय," कान म्हणाले, आणि कडेला कान लावून फिरायला लागले. बारीक भोक असेल तर हवा आत शिरताना शीळ वाजते. रेझिन थांबत नाही, एकदा हार्डनर पडला की ते आपल्या वेळेला घट्ट होणारच. पुरतं घट्ट व्हायला संध्याकाळ झाली असती, पण ते जमायला लागायच्या आत गळती बुजवायला आमच्या हातात फार तर अर्धा तास होता. मी काट्याकडे बघत उभी होते.

काटा परत वर गेला.

तुम्हाला हे साधं वाटेल. पण पंप बंद होता. गळती असेल तर काटा फक्त उतरतो. वर जायला कुणीतरी आतली हवा ओढून घ्यावी लागते.

खाली... वर... खाली... वर. मी घड्याळ बघून मोजलं. मिनिटाला सोळा वेळा.

कान फेरी पुरी करून डाव्या कोपऱ्याशी आले आणि तिथे वाकलेलेच राहिले. शेडच्या खिडक्या उष्णता टिकावी म्हणून बंद होत्या, पत्र्यावर पावसाआधीचा उकाडा दाटला होता. रेझिनचा गोडसर वास मास्कमधूनही येत होता. यायला नको होता.

"सापडलं?" मी विचारलं.

ते सरळ झाले. मास्कच्या वर त्यांचे डोळे मोठे दिसत होते.

"पिशवीला भोक नाही, पोरी."

"मग?"

"त्या दिवशी... त्याला बाहेर काढायला मी करवतीने कप्पा कापत होतो ना... तेव्हा आतून जे ऐकू येत होतं..." ते थांबले. "तू या कोपऱ्याला काही केलंस का?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, साच्याकडे बघितलं. "मी आप्पांजवळ बाहेर बसतो," एवढं म्हणून ते गेले. दार लोटल्याचा आवाज आला. मग फक्त मी आणि ती पिशवी.

मी पंप परत सुरू केला. काही उपयोग झाला नाही, काटा तसाच झुलत राहिला. डाव्या कोपऱ्यात प्लॅस्टिक किंचित उचललं जात होतं, बसत होतं. मी कान लावला. हवा आत शिरत असल्याची शीळ नव्हती ती. कोणीतरी तोंड उघडं ठेवून झोपलंय, असा आवाज होता.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली ती नंतर. त्या क्षणी मला संताप आला. चार वर्षं परक्या गावात रात्रपाळ्या करून शिकले, आठ महिने या शेडमधल्या लोकांची टिंगल सोसली, आणि आज, एकाच दिवशी, एकाच डेकवर...

"इथे तरी मला सोड ना, दादा," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "सगळं तुझंच होतं. आप्पा तुझे, शेड तुझी. मेलास तरी तुझंच? एक कोपरा... एक कोपरा दे मला."

आणि मी उजवा अंगठा त्या जागी जोर लावून दाबला.

काटा थांबला.

मी अंगठा उचलला, काटा झुलला. दाबला, थांबला. मग मी स्टूल ओढलं आणि बसले. दुसरा मार्ग नव्हता. रेझिन घट्ट होईपर्यंत अंगठा तिथेच ठेवायचा.

पहिला तासभर काही झालं नाही. रेझिन जमताना गरम होतं, त्यामुळे अंगठ्याखाली ऊब आली तेव्हा मी स्वतःला तेच सांगितलं. दुसऱ्या तासात पिशवी, फेल्ट आणि चार थर कापड यांच्या खालून काहीतरी माझ्या अंगठ्याला टेकलं. मऊ होतं. पेराएवढंच होतं. त्याने माझ्याएवढाच जोर लावला. मी दाबलं की तेही दाबायचं. मी सैल सोडलं की तेही सैल. लहानपणी आम्ही दोघं असे अंगठ्याला अंगठा लावून बसायचो, आधी कोण हरतं ते बघायला. दरवेळी मीच हरायचे.

या वेळी मी अंगठा काढला नाही.

पाचच्या सुमाराला खालचा जोर हळूहळू गेला. काढून घेतल्यासारखा नाही... दिल्यासारखा. माझा अंगठा पांढराफटक पडला होता, त्यात जीव नव्हता. पंप रात्रभर चालू ठेवून मी घरी गेले आणि जेवण न करता झोपले.

सकाळी आम्ही पिशवी फाडली, फेल्ट सोलून काढला आणि लाकडी पाचरी मारून डेक साच्यातून सोडवला. आप्पा आले. त्यांनी नाण्याने डेक जागोजागी वाजवला. सगळीकडे एकच, भरीव आवाज. मग डोळे मिटले आणि तळवा फिरवायला लागले. मी श्वास धरून उभी होते.

"एक फुगा नाही," ते म्हणाले. "कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही. हा त्याचा हात नव्हे."

"मग कोणाचा?"

"तुझा. दुसऱ्या कोणाचा असणार? त्याला एवढं जमलं नसतं."

हे ऐकायला मी अख्खा जन्म घालवला होता. डोळ्यांत पाणी आलं. त्यांचा तळवा डाव्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि तिथे रेंगाळला.

"अंगठा मात्र छान उठलाय," ते म्हणाले.

मी वाकून बघितलं. उंचवटा होता. रेषा होत्या. पण तिरपा काप नव्हता. स्वच्छ, कोवळा, लहान अंगठा. माझा. साच्यात बघितलं, तर माझी पुट्टी जशीच्या तशी होती, काचेसारखी गुळगुळीत. तिथून काही उठायला जागाच नव्हती. आणि मी तर दाबलं होतं वरून, म्हणजे डेकच्या आतल्या बाजूने.

कान माझ्यामागून बघत होते. ते दोन पावलं मागे सरकले.

"हात कर पुढे," आप्पा म्हणाले. त्यांनी खिशातून किल्ली काढली, माझ्या तळव्यावर ठेवली आणि माझी बोटं तिच्यावर मिटली. त्यांचा अंगठा माझ्या अंगठ्यावरून गेला. थांबला. परत गेला, सावकाश, तिरपा, जसं एखाद्या रेघेवरून जावं.

त्यांचा चेहरा तसा झाला, जसा फक्त एकाच माणसासाठी व्हायचा.

"अजून दुखतं का?" त्यांनी हळूच विचारलं.

मी माझ्या अंगठ्याकडे बघितलं नाही. खिडकीकडे बघितलं. आभाळ भरून आलं होतं.

"ढग आले की थोडंसं," मी म्हणाले.

आणि ते खरं होतं.