फोटोखालची प्रतिक्रिया

जुन्या जालन्यात एका कापड दुकानाच्या माडीवर बातम्यांच्या वेबसाइटचं ऑफिस होतं. आपली प्रतिक्रिया का छापली नाही, म्हणून भांडायला बेबीनंदा तरातरा जिना चढली आणि उतरणाऱ्या धर्मराजवर धडकली. प्रतिक्रिया तपासून गाळणारा तो हाच. त्याच्या हातातला चहा तिच्या ओढणीवर सांडला, आणि त्याचे ते ओशाळलेले डोळे पाहून... भांडण कुठल्या कुठे पळालं. आमदाराच्या कामाला खुशाल नावं ठेवा, पण त्याच्या बायकोला मध्ये ओढू नका, एवढंच त्याने तिची प्रतिक्रिया गाळण्याचं कारण हळू आवाजात समजावलं. महिन्याभरात ती तिथेच नोकरीला लागली आणि त्याच्याच शेजारी बसून वाचकांच्या प्रतिक्रिया तपासू लागली.

पुढाऱ्यांवर लोक काय काय लिहीत! दोघं वाचत, हसत, वाद घालत. माउसवर बोटाला बोट लागलं की उगाच खोकत. सगळं कसं छान चाललं होतं — सुलक्षणाताई नगरसेविका होईपर्यंत.

ताई तरुण, देखण्या, बिनलग्नाच्या. त्यांच्या फोटोखाली लोक नको नको ते लिहीत आणि धर्मराज जेवणाचा डबा विसरून एकेक घाणेरडी ओळ काढून टाकत बसे. बेबीनंदाच्या अंगाचा तिळपापड होई. आमदारांना शिव्या पडल्या तेव्हा नाही कधी याचा डबा थंड झाला!

एका दुपारी तो बाहेर गेला असताना प्रतिक्रिया आली : ‘बाईंना मतं कामाला नाही, चेहऱ्याला पडली.’ बेबीनंदाने ती दोनदा वाचली... आणि मंजूर करून टाकली.

धर्मराजने परतल्यावर ती वाचली.

“चुकून गेली का?”

हो म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. पण त्याच्यापुढे तिच्याने खोटं बोलवेना.

“न्हाई. मुद्दाम. तुम्ही दिवसभर त्यांचाच फोटो उघडून बसता... मी जळून राह्यले होते.”

“मंग त्यात त्या बाईचा काय गुन्हा?”

बेबीनंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने ती ओळ काढून टाकली आणि तिथेच, स्वतःच्या नावाने, ताईंची जाहीर माफी लिहायला घेतली. हे असं का केलं, तिथवर आल्यावर मात्र बोटं अडली. डोळे भरून आले. आता हा आपल्याला शेजारी बसू देणार नाही, हे तिने गृहीतच धरलं.

“कारण लोकांना न्हाई सांगायचं,” धर्मराज म्हणाला. त्याचे कान लालेलाल झाले होते. “ते... मला पुन्हा एकदा सांगा.”