उसवलेल्या अकरा ओळी

"जुन्या धाग्याची झीज झाल्यामुळे या गोधडीचा मधला चौकोन मंडळाने जतनाच्या दृष्टीने नव्याने शिवला आहे."

ऑगस्टमध्ये पुण्यातल्या एका कलादालनात भरलेल्या वस्त्रप्रदर्शनात, सतराव्या क्रमांकाच्या गोधडीखाली हे वाक्य लावलेले होते. वाक्य सुबक होते. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत खोटे होते, एवढाच काय तो त्याचा दोष.

धागा जुना नव्हता. तो फेब्रुवारीत रविवार पेठेतून आणलेला होता, आणि सुती दोरा सहा महिन्यांत झिजल्याचे कोणी ऐकलेले नाही. 'मंडळाने' म्हणजे शनिवार पेठेतल्या उबारा गोधडी मंडळाने. पण त्याच्या तेरा सदस्यांपैकी बारा जणांना या कामाचा पत्ताही नव्हता. राहिला शब्द 'जतन'. धडधाकट शिवण कात्रीने उसवायची आणि त्याला जतन म्हणायचे, यासाठी साधे शिक्षण पुरत नाही, डॉक्टरेट लागते. ती डॉ. शेफाली आगाशे हिच्याकडे होती. वय एकतीस, व्यवसाय इतिहासाचे अध्यापन, दुसऱ्याच्या तळटीपेतली चूक शंभर पावलांवरून हेरण्यात तिचा हात धरणारे कोणी नाही.

हे वाक्य तिनेच लिहिले होते, आणि त्यापायी तिने एक माणूस गमावला. तो आला होता मात्र मोठ्या झोकात.

जानेवारीतला रविवार होता. मंडळाची खोली तिसऱ्या मजल्यावर, गच्चीला लागून, पत्र्याच्या छपराची. दार वाजले, शेफालीने उघडले. समोर उन्हाने रापलेला उंच तरुण, आणि त्याच्या खांद्यावर जुन्या लुगड्यांचे गाठोडे.

"आम्हांला भांडी नकोत," ती म्हणाली. "आणि जुने कपडे आम्ही देत नाही. आम्हांलाच लागतात."

त्याने गाठोडे या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतले. "मॅडम, बदल्यात पातेलं द्यायचा माझा विचार नव्हता. पण तुमची फारच इच्छा असेल, तर घरून आणतो एखादं."

ती गोरीमोरी झाली. आतून राधाताईंचा आवाज आला. राधाताई मंडळाच्या संस्थापक. पोस्टातून निवृत्त झाल्या होत्या, पण शिक्का मारल्यासारखे बोलणे सुटले नव्हते. "शेफाली, त्यांना आत घे. मांजरीहून आलेत, मीच बोलावलंय. आणि पातेलंही आणा म्हणावं, आपलं चहाचं गळतंय."

त्याचे नाव सूरज. शेतकीची पदवी घेऊन तो मांजरीत उसाच्या रोपांची नर्सरी चालवत होता. आई, मुक्ताबाई, दिवाळीत गेली होती. तिची लुगडी पेटीत ठेवून ठेवून वडिलांचा जीव त्या पेटीत अडकला होता. झाकण उघडायचे, बघायचे, मिटायचे. त्यांच्या अंगावर घालायला त्याला एक गोधडी हवी होती.

"कधी शिवून द्याल?" त्याने विचारले.

"शिवून देत नाही," राधाताई म्हणाल्या. "शिवायला बसवतो. मंडळाचे नियम दोनच. ज्याची कापडं, त्याने टाके घालायचे. आणि दुसऱ्याचा टाका कुणी उसवायचा नाही. वाकडा असला तरी."

"मग माझी सोयच झाली की," तो म्हणाला, आणि शेफालीकडे पाहून इतके मोकळे हसला, की तिला चष्मा पुसावा लागला.

आधी दोन महिने त्याने चिंध्यांवर सराव केला. ज्या बोटांनी उसाच्या डोळ्याला, म्हणजे कोंबाला, इजा न होता तो कांडीवरून सोडवता येतो, त्या बोटांना सुई काही केल्या वश होईना. शेफाली त्याच्या शेजारी बसून दोरा धरायला शिकवी, आणि तो मुद्दाम चुकतो आहे की खरेच चुकतो आहे, याचा निर्णय तिला कधी करता आला नाही.

"अहो, इतका लांब दोरा घेऊ नका. गुंता होतो."

"लांब दोरा घेतला म्हणजे सुई परत परत ओवायला तुमच्याकडं यावं लागत नाही."

"बरोबर. मग?"

"मग काय... आखूडच घेतो."

गोधडी शिवायची रीत अशी, की कडेपासून सुरुवात करून धावदोऱ्याच्या ओळी चौकोनात चौकोन घालत मध्याकडे न्यायच्या. कडेला असताना चौघे चार बाजूंना बसतात. आत सरकावे तशी जागा कमी होते. एप्रिलपर्यंत राधाताई आणि आणखी एक जण यांच्या बाजू झाल्या, आणि त्या पुढच्या गोधडीकडे वळल्या. राहिल्या शेवटच्या अकरा ओळी. एका अंगाला शेफाली, समोरच्या अंगाला सूरज. दर रविवारी एक ओळ. दर रविवारी दोघे दोन-दोन बोटांनी जवळ.

तिचे टाके तांदळाच्या दाण्यासारखे, सगळे एका मापाचे. त्याचे... एक जोंधळ्याएवढा, दुसरा शेंगदाण्याएवढा. मध्येच ओळ डावीकडे झुके, मग दचकल्यासारखी सरळ होई.

"ही ओळ कुठे निघाली आहे?" सहाव्या रविवारी तिने विचारले. एव्हाना 'तुम्ही' कधी गळून पडले, ते दोघांनाही कळले नव्हते.

"तुझ्याकडं," तो मान वर न करता म्हणाला. "रस्ता माहीत नाही, म्हणून विचारत विचारत चाललीय."

तिची सुई बोटात गेली. रक्ताचा थेंब कापडाला लागू नये म्हणून तिने बोट तोंडात धरले, आणि त्याने खिशातून रुमाल काढून नुसता समोर धरला. हात पुढे करून थांबला. तिने रुमाल घेतला. घेताना लागलेली त्याची बोटे खरखरीत होती, आणि तो खरखरीतपणा तिला पुढे चार दिवस, वर्गात शिकवतानासुद्धा, आठवत राहिला.

जुलैत पत्र्यावर पाऊस असा काही वाजे, की एकमेकांचे ऐकू यायला पुढे झुकावे लागे. दोघांनीही आवाज चढवण्याचा सोपा उपाय कधी केला नाही. अकराव्या ओळीला त्यांचे गुडघे गुडघ्यांना टेकले. सूरजने शेवटची गाठ मारली. खोलीच्या दुसऱ्या टोकाला राधाताई एकदम फार मन लावून कापडे निवडू लागल्या.

"आता पुढची कुणाची शिवायची?" त्याने विचारले.

"तुझ्या मनात कुणाची आहे?"

"आपली. नवं कापड काही नको. तुझे जुने ड्रेस, माझे जुने शर्ट..." तो थांबला. "सरळ विचारू का? मला फिरवून बोलता येत नाही. जे येतं ते तुझ्याकडूनच शिकलोय."

"विचारलंस की," ती म्हणाली.

"मग?"

पाऊस ओसरत होता. उत्तर तिला पाठ होते. चार रविवार ती ते मनात घोकत होती. तरी ती म्हणाली, "प्रदर्शन होऊ दे. मग बोलू."

"प्रदर्शन होऊ दे," तो हसून म्हणाला. "ऊस अठरा महिने उभा राहतो. मला तीन आठवडे काय जड हायत!"

अडसाली उसाइतका धीर असलेल्या माणसाला थांबायला सांगताना आपण स्वतः कशासाठी थांबतो आहोत, हे तिने तेव्हाच स्वतःला विचारायला हवे होते. अभ्यासकांना प्रश्न विचारायची सवय असते. पण ते सहसा मेलेल्या माणसांना विचारतात.

गोधडी प्रदर्शनात जायची, म्हणून तिने ती घरी आणली. तिच्याच सूचनेवरून कलादालनात एक परिसंवादही ठरला होता, आणि त्यात गोधडीच्या शिवणीवर ती निबंध वाचणार होती. बुधवारी दुपारी तिचे विभागप्रमुख दत्तप्रसाद सर गोधडी पाहायला आले, चहा घेऊन गेले. ते गेल्यावर तिने कात्री घेतली. मधल्या अकरा ओळींतली सूरजची बाजू तिने टाका टाका करून उसवली, आणि शनिवारपर्यंत स्वतःच्या दाणेदार टाक्यांनी पुन्हा भरली. मग तिने ते सुबक वाक्य टाइप केले.

उद्घाटनाला सूरज वडिलांना घेऊन आला. सर्जेरावांनी नवी टोपी घातली होती. गोधडीसमोर ते बराच वेळ उभे राहिले आणि हिरव्या इरकलीच्या तुकड्यावर बोट ठेवून शेफालीला म्हणाले, "पोरी, ही आमच्या लग्नातली. लई छान केलंत. आता गारठ्यात मला काही भ्याव नाही."

सूरज वाकला होता. मधल्या चौकोनावरून त्याने तळहात फिरवला. तांदळाच्या दाण्यांच्या ओळीशेजारी, जुन्या सुईची वेडीवाकडी भोके कापडात तशीच होती. वाट होती, चालणारा नाहीसा झालेला.

"शेफाली, हे कुणी उसवलं?"

तिने खालच्या वाक्याकडे बोट केले. "दोरा झिजला होता."

"दोरा मी आणला होता. फेब्रुवारीत." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता, तर तिला भांडता आले असते. "नियम मोडला म्हणून विचारत नाही. तुझा हात मी ओळखतो गं. तू मोडलास, तर तू सांग. मी काय एवढा मोठा शिंपी लागून गेलोय! हसू आपण दोघं. फक्त सांग."

दत्तप्रसाद सर चार पावलांवर कोणाशी तरी बोलत होते. शेफालीने त्यांच्याकडे पाहिले, आणि सूरजकडे न पाहता म्हणाली, "मंडळाने ठरवलं."

सूरजने मान हलवली. बहुधा तिसऱ्यांदा विचारावे की नाही, ते ठरवत असावा.

"बरं हाय," तो म्हणाला. मग वडिलांच्या कोपराला धरून, "आप्पा, चला. स्वारगेटला गर्दी होईल."

पुढच्या रविवारी तो आला नाही. फोन उचलला, अदबीने बोलला, आणि 'तू' म्हणाला नाही. "आपली काही चूक नाही," तो म्हणाला. हा 'आपली' दोघांचा नव्हता, परक्या बाईला द्यायचा मान होता. गोधडी प्रदर्शन संपल्यावर राधाताईंकडून नेण्याची व्यवस्था त्याने केली होती.

राधाताईंनी तिला एकदाच गाठले. "तू उसवलंस, ते मला पहिल्या दिवशीच दिसलं. मी बोलले नाही, कारण तू बोलशील असं वाटलं. माणसानं किती वाट बघायची?"

"आता सांगून काय उपयोग, ताई? तो ऐकायला नाही."

"मग बरंच झालं. तो ऐकतोय म्हणून सांगितलंस, तर ते मन वळवणं झालं."

परिसंवाद प्रदर्शनाच्या सहाव्या दिवशी झाला. अध्यक्षस्थानी दत्तप्रसाद सर होते; समोर साठेक माणसे, बहुतेक तिच्याच क्षेत्रातली, ज्यांच्या मताची तिने आयुष्यभर काळजी वाहिली अशी. मागच्या रांगेत राधाताई. मांजरीहून कोणीही नव्हते. शेफालीने निबंधाची पाने टेबलावर पालथी ठेवली आणि कागदाशिवाय बोलली. परिसंवादाच्या अहवालात तिचे बोलणे ध्वनिमुद्रणावरून जसेच्या तसे छापले आहे. राधाताईंनी त्याची प्रत मांजरीला पाठवली. ती पोहोचल्याची पावती आली, उत्तर आले नाही. ते बोलणे असे:

"सतराव्या क्रमांकाच्या गोधडीचा मधला भाग झिजला नव्हता. तो मी एकटीने उसवला, आणि मंडळाच्या नावाने खोटे लिहिले. टाके वाकडे होते म्हणून उसवले, असे मी स्वतःलाही सांगत होते. तेही खोटे आहे. प्रदर्शनाआधी माझ्या घरी अध्यक्ष महोदयांनी ते टाके पाहून विचारले, 'हे कुणाचं काम? घरगड्याला बसवलं होतं की काय?' मी हसले. हे सूरज यांचे काम आहे आणि त्यांनी मला लग्नाचे विचारले आहे, एवढेच मला म्हणायचे होते. मी म्हणाले, 'असेल कुणीतरी नवीन.' टाक्यांची मला कधीच लाज वाटली नव्हती. मला त्याची लाज वाटली."